बे रिब काढजे

मी आयुष्यभर काय काम केलं हे आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शेजारणींना अजून नीट कळलेलं नाही. 'डिझाइन' म्हटलं की त्यांना साडीचे काठ आठवतात. मी निवृत्त झाल्यावर एकीने तर मोठ्या आशेने विचारलं, "वंदनाताई, आता मोकळ्याच आहात, तर सुनेच्या ब्लाउजच्या गळ्याचं जरा बघाल का?" मी बघितलं, आणि गळा बरा झाला. पण माझं काम ते नव्हतं. गोरव्यातल्या एका कारखान्यात नव्या वस्तू आखणाऱ्या टीमची मी प्रमुख होते. म्हाताऱ्या माणसांचे वॉकर, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, दवाखान्यातली स्टुलं असल्या वस्तू आम्ही करायचो. घरात असेपर्यंत ज्यांच्याकडे कोणी बघत नाही आणि मोडल्या की ज्यांच्या नावाने बोटं मोडतात, अशा या वस्तू.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर काय काय आठवलं. एका डॉक्टरांना स्टूल असं हवं होतं की पेशंट त्यावर फार वेळ बसणार नाही. एका गृहस्थांनी वॉकरला छत्री अडकवायची सोय मागितली होती आणि ती नाकारल्याबद्दल त्यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. पण लिहायला बसल्यावर या सगळ्यांना मागे सारून एकच गोष्ट पुढे आली. ती आहे एका सॉफ्टवेअरच्या निवडीची. ऐकायला ही गोष्ट रुक्ष वाटेल याची मला कल्पना आहे. पण तिच्यात एका मुलीची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती आली एका शब्दामुळे. तसला घोळ बडोद्याच्या मराठी माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला जमला नसता.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरातली प्लास्टिकची खुर्ची उलटी करून बघा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पाठीला मागून उभ्या पट्ट्या दिसतील. त्यांना आम्ही रिब म्हणतो. प्लास्टिक नुसतं जाड केलं म्हणून मजबूत होत नाही, त्याला मागून रिबांचा आधार द्यावा लागतो. पण रिब दिली की दुसरी कटकट सुरू होते. गरम प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं आणि जिथे मागे रिब असते तिथे पुढच्या बाजूला बारीक खळगा पडतो. म्हणून ताकद बघणारा माणूस रिबा मागतो आणि रूप बघणारा त्या नको म्हणतो. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ या दोघांचं भांडण सोडवण्यात गेला असं म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे ताकद बघायचे भोसले. घर दांडिया बाजारातच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. आमच्या दोघांचेही पूर्वज कधीकाळी बडोदे संस्थानच्या फौजेत होते, एवढ्या भांडवलावर ते मला अधूनमधून मानाने 'सरदार' म्हणायचे. रूप बघायची हेतल. तिशीतली, बोलण्यात मऊ आणि रेषेच्या बाबतीत हट्टी. ती पक्की गुजराती. भोसले घरी मराठी, कारखान्यात गुजराती आणि डोकं फिरलं की हिंदी बोलायचे. आमच्या बडोद्याच्या मराठी माणसाच्या गुजरातीबद्दल मी काही सांगू नये, कारण मीही त्यातलीच. आपण फर्मास गुजराती बोलतो अशी आमची समजूत असते. खरं तर निम्मी मराठीच असते, शेवटी 'छे' लावलेली.

ऑफिसात आमचं एक मोठं लाकडी टेबल होतं. त्यावर ड्रॉइंग पसरायचं आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून वाद घालायचा, ही आमची पद्धत. भोसले बोलताना हवेत बोटाने रेषा ओढत, हेतल कागदावर पेन्सिल फिरवी, मी मध्ये चहाचा कप ठेवून कागद उडू देत नसे. कोण काय म्हणतंय ते तोंडापेक्षा हातांवरूनच कळायचं. हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग हेतलच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. घरात ती आणि ते, दोघंच. आई पूर्वीच गेलेली. घर मांजलपूरला, म्हणजे शहराच्या एका टोकाला, आणि गोरवा दुसऱ्या टोकाला. दिवसभरासाठी ठेवलेल्या बाया आठवड्याच्या वर टिकेनात. एक दिवस तिने माझ्याकडे येऊन सरळ विचारलं की घरून काम केलं तर चालेल का. नोकरी सोडणं तिला शक्य नव्हतं, घर तिच्याच पगारावर चालत होतं.

मी शेठकडे गेले. आमचे शेठ किरीटभाई. माणूस वाईट नाही. दिवाळीला मिठाईचा डबा स्वतःच्या हाताने द्यायचे आणि प्रत्येकाच्या मुलाबाळांची नावानिशी चौकशी करायचे. पण डोळ्यांसमोर माणूस वाकून बसलेला दिसला तरच काम चाललंय असा त्यांचा ठाम विश्वास. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "वंदनाबेन, तमे एवुं सॉफ्टवेर शोधो के हेतल अहीं नथी एवुं मने लागे ज नहीं." ती इथे नाही असं जाणवताच कामा नये, एवढी त्यांची अट. नव्या वॉकरचं ड्रॉइंग मोल्ड, म्हणजे साचा, करणाऱ्याकडे जायचं होतं. तोवर सगळं सुरळीत झालं तर हेतलने खुशाल घरून काम करावं, नाहीतर रोज गोरव्याला यावं किंवा दुसरीकडे बघावं. त्या अवस्थेतल्या माणसाला सोडून ती रोज गोरव्याला येऊ शकत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

असं मी सॉफ्टवेअर शोधायला लागले. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायला लागली. चार माणसं चार ठिकाणी बसून एकच वस्तू एकाच वेळी घडवतात म्हणजे नेमकं काय होतं, याचं मला फार कुतूहल. सॉफ्टवेअर विकायला येणारी मंडळी टायबिय लावून येत, पडद्यावर रंगीत चित्रं नाचवत आणि 'काही प्रश्न?' असं विचारत. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "दोन माणसांनी एकाच वेळी एकाच रेषेला हात घातला तर काय होतं?"

पहिल्याने छाती फुगवून सांगितलं की तसं होऊच शकत नाही. एकाने ड्रॉइंग उघडलं की दुसऱ्याला कुलूप. आम्ही ते वापरून पाहिलं. पहिल्याच दिवशी भोसले ड्रॉइंग उघडं ठेवून जेवायला गेले, तिथून बँकेत गेले आणि हेतल मांजलपूरला हात चोळत बसली. किल्ल्या सगळ्या कमरेला आणि पत्ता नाही, असा प्रकार. भोसल्यांनीच त्याचं नाव 'सासूबाई' ठेवलं आणि आम्ही सासूबाईंची पाठवणी केली.

दुसरा म्हणाला, "मॅडम, दोघं काय, पन्नास जण हात घाला." हे सॉफ्टवेअर गमतीचं होतं. प्रत्येकाच्या नावाचा एक रंगीत बाण पडद्यावर फिरायचा आणि कोण कुठे काय करतंय ते दिसायचं. हेतलने त्याला 'गरबा' म्हटलं. आम्ही खूश होतो. पण शेठना त्याचा नाद लागला. जेवण झालं की ते आपला बाण घेऊन आत शिरायचे आणि बघता बघता काहीतरी ओढायचे. एकदा वॉकरचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब निघाला. कोणी केलं ते कोणीच सांगेना. शेठ मात्र त्या दिवशी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. गरबाही परत पाठवावा लागला.

तिसरं दाखवायला एक मितभाषी बाई आल्या. माझ्या प्रश्नावर म्हणाल्या, "मला नक्की नाही सांगता येत. आपण करून बघू या." मला तिथेच त्या आवडल्या. आम्ही दोघींनी एकाच रेषेला हात घातला. सॉफ्टवेअरने दोन्ही बदल बाजूबाजूला ठेवले आणि कोणता ठेवू ते विचारलं. कोणी काय केलं ते सगळं ते लक्षात ठेवायचं. ड्रॉइंगच्या ज्या भागाबद्दल बोलायचं तिथेच कॉमेंट चिकटवता यायची, आणि काम उरकलं की त्या कॉमेंटवर टिक मारायची. कॉमेंटच्या शेजारी एक छोटी पेन्सिलही होती, तिने ड्रॉइंगवरच गिरवून दाखवता यायचं. ती कोणी वापरली नाही, कारण दोन शब्द टाइप करणं सोपं. कोण कोणाच्या लग्नात काय बोललं हे पक्कं ध्यानात ठेवणारी मावशी प्रत्येक घरात असते, म्हणून याचं नाव मावशी पडलं. हेतल मासी म्हणायची.

मावशी आल्यावर काम खरोखरच मार्गी लागलं. आणि एक गोष्ट अशी झाली की जी टेबलाशी कधीच झाली नसती. हेतलच्या वडिलांना, हसमुखकाकांना, आमच्याच वॉकरचा एक जुना नमुना दिलेला होता. वॉकरच्या मुठीवर वरून भार टाकायचा असतो. सोफ्यावरून उठताना ती मूठ धरून स्वतःला ओढायचं नसतं, आमच्या माहितीपत्रकात तसं ठळक छापलेलं आहे. पण काका दर वेळी ओढूनच उठायचे. हेतलने ते रोज पाहिलं, मोबाइलवर टिपलं आणि आम्हाला पाठवलं. मग मीही लोकांच्या घरी जाऊन बघितलं. सगळेच ओढत होते. आम्ही इतकी वर्षं वॉकर करत होतो आणि हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. भोसल्यांनी ते चित्रण दोनदा पाहिलं आणि मुठीखालच्या तुकड्याला जास्त ताकद हवी म्हणाले. त्या तुकड्याला तेव्हा चार रिबा होत्या.

त्याच सुमारास हेतलचं त्यांच्याशी दुसरं भांडण चालू होतं. त्या रिबांमुळे मुठीजवळ खळगे दिसताहेत आणि वस्तू दवाखान्यातली वाटते, घरातली वाटत नाही, असं तिचं म्हणणं. भोसले दाद देत नव्हते.

अशात भोसल्यांनी मावशीत हेतलसाठी कॉमेंट टाकली. आपली ती फर्मास गुजराती: "हेतल, हॅन्डल पासे बे रिब काढजे." हेतलने त्याप्रमाणे केलं, खाली लिहिलं, "थँक्यू भोसलेभाई, हुं ए ज कहेती हती," आणि टिक मारली. मीही तेच सांगत होते, असं ती म्हणत होती. भोसल्यांनी टिक पाहिली, थँक्यू वाचलं आणि समाधानाने पुढच्या कामाला लागले.

मोल्ड कापायच्या आधी आम्ही थोडे नमुने करवून घेतो आणि त्यांचे हाल करून बघतो. मोल्ड एकदा कापला की त्यात बदल करणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून ही धडपड. त्या दिवशी वॉकर पक्का बांधून मुठीला पट्टा अडकवला आणि मागच्या बाजूने वाळूच्या पिशव्यांचा भार देत गेलो. शेवटची मान्यता द्यायची म्हणून शेठ समोर खुर्ची टाकून बसले होते. निम्म्या पिशव्याही लागल्या नसतील, तोच 'कट्' असा आवाज झाला आणि मूठ पट्ट्यासकट खाली लोंबायला लागली.

माझ्या डोळ्यांसमोर त्या मुठीला धरून उठणारे हसमुखकाका आले. भोसल्यांनी तुकडा उलटा करून पाहिला. आत दोनच रिबा होत्या. त्यांना खरंच काही कळेना. ते म्हणाले, सहा पाहिजेत, दोन कशा? मावशी उघडली. मावशीने लगेच सांगितलं की हेतलने दोन रिबा पुसल्या, अमुक दिवशी, जेवणाच्या सुमाराला. ज्या लक्षात ठेवण्याच्या गुणासाठी मी तिला निवडलं होतं, तो गुण हेतलवरच उलटला.

शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "जोयुं? सामे बेठी होत तो आवुं थात?" समोर बसलेली असती तर हे झालं असतं का, असं त्यांचं विचारणं. सोमवारपासून तिला गोरव्याला यायला सांगा, असं त्यांनी सुनावलं. जमत नसेल तर तिला काढावं लागेल, हेही ते बोलले. भोसल्यांना राग नव्हता आला, पण हेतलने असं का करावं याचा धक्का बसला होता. वडिलांचं चित्रण स्वतः पाठवणारी मुलगी त्याच मुठीच्या रिबा पुसते, याचा मेळ मलाही लागेना.

माझा स्वभाव असा आहे की मेळ लागला नाही की मला जेवण जात नाही. मी स्कूटर काढली आणि तडक मांजलपूर गाठलं. हेतलला फोनवरून सगळं कळलेलं होतं. तिने मला पाणी दिलं, चहा ठेवला आणि माझ्यासमोर सरळ बसली. डोळे लाल होते, पण आवाज ताब्यात होता. मी तिला रागावले नाही, एवढंच विचारलं की बाई, तू रिबा का पुसल्यास?

तिला माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "भोसलेभाईए ज तो लख्युं हतुं, काढजे," ती म्हणाली, म्हणजे भोसल्यांनीच तर तसं लिहिलं होतं.

ते वाक्य मी आमच्या ऑफिसात वाचलं होतं, मनातल्या मनात. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं, कारण माझ्या मनातली गुजरातीही भोसल्यांचीच. हेतलच्या तोंडून ते ऐकलं आणि लख्ख उजेड पडला. गुजरातीत रेषा दोरतात. काढतात ते नको असलेलं. भोसल्यांनी सगळं वाक्य गुजराती लिहिलं आणि क्रियापद मात्र घरून आणलं. ते म्हणत होते, दोन रिबा आणखी आख. तिने वाचलं, दोन रिबा उडव. तिला वाटलं, खळग्यांबद्दल आपण इतके दिवस बोलतोय ते अखेर यांना पटलं, म्हणून तिने थँक्यू म्हटलं. त्यांना वाटलं, वडिलांसाठी मूठ भक्कम केली म्हणून पोरीने थँक्यू म्हटलं. दोघंही एकमेकांवर खूश होते आणि मूठ मोडली.

आणि हेतलला तरी का हसावं? आपल्या या शब्दाकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या सोफ्यावर बसून. आपण दारात रांगोळी काढतो आणि पायातला काटाही काढतो. चित्र काढतो आणि चपला काढतो. फोटो काढतो, दात काढतो, दुकान काढतो. मुलांची समजूत काढतो, आणि भांडायचं झालं तर खुसपट काढतो. इतकी वर्षं हे सगळं एकाच शब्दात बिनबोभाट चाललंय, कारण ऐकणाऱ्याला समोरचा हात दिसत असतो. भोसले टेबलाशी असते तर त्यांनी 'बे रिब काढजे' म्हणताना हवेत दोन रेषा ओढल्या असत्या, आणि प्रश्नच आला नसता.

मी हे हेतलला समजावून सांगितलं. ती हसली नाही. "बेन, पण शेठ मानशे?" एवढंच म्हणाली. आतल्या खोलीतून काकांनी हाक मारली, तशी ती उठून गेली. दाराच्या फटीतून मला दिसलं. काकांनी चांगल्या हाताने मूठ पकडली आणि सगळा जीव एकवटून स्वतःला ओढत ते उभे राहिले. हेतल एक हात त्यांच्या पाठीमागे धरून होती, न टेकवता. शेठसमोर काय करायचं ते मी तिथून परतताना ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठना आणि भोसल्यांना त्या जुन्या टेबलाशी बसवलं. दोघांना एकसारखा कागद दिला. त्यावर मुठीचा तुकडा आणि चार रिबा मी रेखून ठेवल्या होत्या. दोघांना एकसारखी पेन्सिल दिली, मागे रबर बसवलेली. घडलेलं काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी माझं एक काम करा, बोलू नका, एकमेकांकडे बघू नका. मग भोसल्यांचंच वाक्य म्हटलं, "अहीं बे रिब काढो."

भोसल्यांनी चष्मा सारखा केला आणि चार रिबांच्या शेजारी दोन रेषा ओढल्या. सफाईदार, जशा ते नेहमी ओढत. शेठनी पेन्सिल उलटी केली, चारातल्या दोन रिबा रबराने नीट पुसल्या आणि वर फुंकर मारून कागदावरचा रबराचा चुरा उडवला. मग दोघांनी मान वर केली आणि एकमेकांचा कागद पाहिला.

भोसल्यांच्या चेहऱ्यावर सगळं एकदम आलं. ते कपाळाला हात लावून बसले. शेठ कधी स्वतःच्या हातातल्या उलट्या पेन्सिलकडे बघत, कधी भोसल्यांच्या सुलट्या पेन्सिलकडे. मी मग हेतलचं थँक्यू, टिक, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "शेठ, आज तुम्ही समोर बसला आहात आणि भोसलेही समोर बसले आहेत. तरी बघा."

शेठनी हातातली पेन्सिल सुलटी केली. मग म्हणाले, "तो पछी वांक कोनो काढवो?" दोष कोणाचा काढायचा, असा त्यांचा प्रश्न. भोसल्यांनी कपाळावरचा हात न काढता उत्तर दिलं, "शेठ, वांक काढवामां पण ए ज शब्द छे."

किरीटभाईंना हसू आवरेना. हसणं संपल्यावर त्यांनी दोन्ही कागद जवळ ओढले, एकावर एक ठेवले आणि मला म्हणाले, "हेतलने कहो, घरेथी ज काम करे. पण आ 'काढ' शब्द काढी नाखो."

हेतलचं घरून काम कायम झालं, आणि तो शब्द आम्ही खरंच काढून टाकला. रेषा हवी असेल तर 'दोर', नको असेल तर 'हटाव', असं ठरलं. आणि काहीही सांगायचं असलं की मावशीतल्या त्या छोट्या पेन्सिलीने गिरवूनच सांगायचं, शब्द नंतर. ती पेन्सिल पहिल्या दिवसापासून तिथे होती. तिच्या जोरावर मावशीची निवड पक्की झाली. मला आता कोणी सल्ला विचारला, आणि निवृत्त बाईला लोक विचारतात, तर मी दोन प्रश्न सांगते. एक तो जुना, एकाच रेषेला दोघांनी हात घातला तर काय होतं. आणि दुसरा, सांगणाऱ्याचा हात ऐकणाऱ्याला दिसतो का. बाकी रंगीत चित्रं सगळेच दाखवतात.

मुठीला सहा रिबा लागल्या. खळगे वाढणार म्हणून भोसले जरा बिचकत होते, तर हेतलने बाहेरून बारीक खरखरीत पोत दिला. खळगे दिसेनासे झाले आणि घामेजलेल्या हातातून मूठ निसटणंही थांबलं. दुसऱ्या वेळी वाळूच्या सगळ्या पिशव्या संपल्या, तरी मूठ जागची हलली नाही. शेठनी स्वतः पट्टा धरून ओढून पाहिला, तेव्हा वॉकरऐवजी त्यांची खुर्चीच पुढे सरकली. माहितीपत्रकातून 'ओढू नये' ही ओळ आम्ही गाळली, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वात जास्त अभिमान त्या गाळलेल्या ओळीचा आहे.

थोडी हळहळही आहे. हेतलचं बस्तान बसलेलं पाहून बाकीच्यांनीही हळूहळू घरून काम मागितलं आणि शेठनी ते दिलं. टेबल मोकळं राहायला लागलं. मग ते पॅकिंग विभागात गेलं. आता त्यावर खोकी बांधतात. मावशीला सगळं आठवतं, पण तिच्याशी वाद घालताना चहा सांडत नाही. हे चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी भोसल्यांनी त्या टेबलाशी उभं राहून माझ्याबद्दल चार शब्द बोलायचा प्रयत्न केला, आणि बोलता बोलता हवेत नुसतेच हात हलवत राहिले. मला सगळं समजलं.

माझ्या जागी आता हेतल आहे. मांजलपूरला बसूनच सगळं बघते. मावशीत माझं नाव शेठनी अजून ठेवलंय, पाहुणी म्हणून. मी कधीतरी आत डोकावते, आमच्या वॉकरचं ड्रॉइंग उघडून बसते. परवा असंच उघडलं, तर मुठीवर एक नवी कॉमेंट चिकटवलेली होती. हेतलने लिहिलं होतं की पप्पा रोज त्या मुठीला धरून उठतात, आता एकटेच, तिचा हात पाठीमागे नसतो. आणि खाली, हल्ली ती मराठी शिकतेय, म्हणून मुद्दाम मराठीत: "वंदनाबेन, मी तुमची रोज आठवण काढते."

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. घरच्या टेबलावर पेन्सिल पडलेली होती. ती उचलून मी एकदा टोकाकडून पाहिली, एकदा रबराकडून. मग कॉमेंटखाली एकच शब्द लिहिला, 'काढजे'. टिक मात्र मी मारली नाही, आणि तिनेही अजून मारलेली नाही.